काका म्हणजे कोण?



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. भाषाशास्त्र वगैरे शिकलेलो नाही. पदवी घेतली ती रसायनशास्त्रात, आणि तीही कशीबशी. आज भाषेवर बोलणार आहे म्हटल्यावर सौ. म्हणाली, "तुम्हाला कुणी बोलावलं?" प्रश्न रास्त आहे. पण सैन्यात पस्तीस वर्षं काढली की एक गोष्ट आपोआप होते. दर दोन-तीन वर्षांनी बिस्तरा बांधायचा, नव्या मुलखात जायचं, आणि तिथल्या लोकांशी मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, बोलायचं. या फिरण्यात एक शब्द माझ्या मागे मागे आला. आज तेवढा एकच शब्द घेऊन आलोय. दोन अक्षरांचा. काका.

तुमच्यापैकी कुणी बडोद्याला असेल, कुणी इंदूर, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली. मी स्वतः आता देहरादूनला राहतो. मराठी माणूस कुठेही असो, काका म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे कोण येतं हे सांगायला नको. वडिलांचा भाऊ. शिवाय शेजारचे काका, रिक्षावाले काका, "काका, जरा सरकता का" असं जिन्यात ज्याला म्हणायचं तो कुणीही. शब्दात वय आहे, थोडा मान आहे, थोडा हक्क आहे. आणि इतिहासात शिरलं तर थोडी भीतीही आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि "काका मला वाचवा" ही हाक आपण शाळेच्या सहलीत ऐकूनच मोठे झालो.

माझं बालपण सातारचं. वडील लवकर गेले. मला वाढवलं, शिकवलं, कॉलेजची फी भरली ती माझ्या काकांनी. त्यामुळे माझ्या कानात हा शब्द फार मोठ्या माणसाचा होता. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ बहुतेक तिथंच आहे.

जून १९८६ मध्ये मी कमिशन घेऊन पलटणीत दाखल झालो. पलटणीचं नाव सांगत नाही. जवान बहुतेक पंजाबी. मी सेकंड लेफ्टनंट, वय तेवीस, हिंदी सिनेमातून शिकलेली. पंजाबी कानावर पडत होती, पण अंगात मुरली नव्हती. जुने हवालदार नव्या पोरांना "ओए काके" म्हणून हाक मारायचे ते ऐकायचो. मला वाटायचं, हे काहीतरी आपल्या "अरे गड्या"सारखं असणार. काके आणि काका हा एकच शब्द असेल, असं डोक्यात आलं नाही. विचारलंही नाही. नव्या अधिकाऱ्याला विचारायची लाज वाटते, आणि ती लाज कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते हे तेव्हा कळत नसतं.

त्याच हिवाळ्यात राजस्थानच्या वाळवंटात 'ब्रासस्टॅक्स' हा मोठा युद्धसराव झाला. जनरल सुंदरजी सरसेनापती होते. जानेवारी १९८७ उजाडेपर्यंत सराव नुसता सराव राहिला नाही. पलीकडे पाकिस्ताननंही फौज हलवली आणि दोन्ही बाजूंना वातावरण तापलं. सुट्ट्या बंद झाल्या. आमची कंपनी वाळूत, तंबूंमध्ये. दिवसा ऊन चटके देई, आणि रात्री पाण्याच्या बाटलीत बर्फाची कपची तयार होई.

अशाच एका रात्री आमचे मेजरसाहेब ब्रिगेडच्या मुख्यालयात गेले होते. कंपनीत अधिकारी म्हणून मी एकटा. साडेनऊच्या सुमारास फील्ड टेलिफोन वाजला. मागच्या तळावरून क्लार्क बोलत होता. आमच्या एका लान्स नायकाच्या नावानं गावाहून तार आली होती. कागद राशनच्या गाडीबरोबर येईल, पण मजकूर आत्ताच घ्या, असं तो म्हणाला. क्लार्क केरळचा, अत्यंत चोख माणूस. लाइन खरखरत होती म्हणून त्यानं एकेक अक्षर सांगितलं. किलो, अल्फा, किलो, अल्फा. मग 'सीरियस'. मग 'कम सून'.

मी वहीत लिहिलं ते इंग्रजीतच. काका सीरियस, कम सून. पण सुभेदारसाहेबांना बोलावून सांगितलं ते हिंदीत. म्हणालो, "साहब, उसके चाचा की तबीयत खराब है. घर बुलाया है."

बस. एवढंच केलं मी. चार अक्षरांचा शब्द कानात आला आणि तोंडातून दुसराच बाहेर पडला. मुद्दाम केलं नाही, विचार करूनही केलं नाही. माझ्या कानात काका म्हणजे चाचा होता आणि समोरच्याला हिंदीत समजावं म्हणून मी तो बदलून दिला. उपकार केल्यासारखा.

सुभेदारसाहेबांनी त्या जवानाला बोलावलं. तो धावतच आला. चाचा म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला, हे मला आजही दिसतं. त्याला तीन चाचा होते. म्हणाला, "सबसे बड़े वाले होंगे साहब, उमर हो गई है." सुट्टी बंद होती, पण आईवडील, बायको, मुलं यांच्यावर काही ओढवलं तर माणसाला सोडायची वाट काढता येत होती. चुलत्यासाठी तेवढी घाई कुणी करत नाही. त्यालाही ते माहीत होतं. म्हणाला, "कोई बात नहीं साहब, एक्सरसाइज़ के बाद चला जाऊँगा." मला त्याचं कौतुक वाटलं. किती शिस्तीचा जवान, असंही मनात आलं.

चौथ्या दिवशी राशनची गाडी आली. डाक वाटली गेली. दहा मिनिटांत तो माझ्या तंबूच्या दारात उभा होता. सलाम केला, पण हातातला कागद थरथरत होता.

"साहब, इसमें तो काका लिखा है."

मी म्हणालो, "हाँ, काका. चाचा."

"चाचा नहीं, साहब. काका. मेरा लड़का."

पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा. घरातलं पोर. मुलगी असेल तर काकी. हे आज मी तुम्हाला सहज सांगतो आहे. त्या दिवशी ते ऐकलं तेव्हा तंबूत माझ्या पायाखालची वाळू सरकली, अगदी शब्दशः.

मुलगा चार वर्षांचा. त्याच्या आजोबांनी तार केली होती. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे हे माझ्या पिढीला आठवत असेल. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली तेव्हा मला त्या आजोबांची आठवण झाली. म्हाताऱ्यानं पोस्टात जाऊन सांगितलं असणार, लिहा, काका. घरात त्या मुलाला दुसरं नावच नव्हतं. आणि तार वाचणारा पंजाबीच असणार याबद्दल त्यांना शंका असायचं कारण नव्हतं.

मी थेट कमांडिंग ऑफिसरना फोन लावला. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, माणूस आधी पाठव, कागद मागून होतील. परत जाणाऱ्या राशनच्या गाडीतच त्याला बसवलं. सुरतगढ, भटिंडा, जालंधर, आणि पुढं बस. घरी पोहोचायला त्याला दोन दिवस लागले.

मुलाला घटसर्प झाला होता. तो वाचला. हे लगेच सांगून टाकतो, कारण ते कळेपर्यंत मी जे दिवस काढले ते तुम्हाला काढायला लावणं बरं नाही. पण तो वाचला त्यात त्याच्या बापाचा हातभार नव्हता आणि माझा तर नव्हताच. आईनं त्याला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरून सरकारी दवाखान्यात नेलं, आणि सहा रात्री ती तिथं एकटी बसली. नवरा पोहोचला तेव्हा मूल धोक्याबाहेर होतं. तो परत आल्यावर मी माफी मागितली. तो म्हणाला, "छोड़ो साहब, बच गया." आणि जोडे वाजवून निघून गेला.

'ध' चा 'मा' ही गोष्ट आपल्याला पाठ असते. 'धरावे'चं 'मारावे' केलं आणि नारायणराव मारले गेले, अशी आख्यायिका. ती खरी की रचलेली, यावर इतिहासवाले बोलतील. पण त्यात कुणीतरी अक्षर मुद्दाम बदललं असं आपण मानतो, आणि म्हणून ती गोष्ट सोपी आहे. दुष्ट माणूस सापडतो. माझ्या बाबतीत दुष्ट कुणीच नव्हता. त्या साखळीत आजोबा बरोबर होते, तारवाला बरोबर होता. केरळच्या क्लार्कच्या कानाला तर हा शब्द आणखीच वेगळा लागला असणार. त्यानं त्याचा अर्थ लावायची भानगडच केली नाही. किलो, अल्फा, किलो, अल्फा. हातात जे आलं ते तसंच पुढं दिलं. शहाणपणा केला तो मी एकट्यानं.

त्यानंतर मी एक वही केली. कुठंही बदली झाली की तिथं काका म्हणजे काय, ते आधी विचारायचं. सुरुवातीला ती प्रायश्चित्ताची वही होती. पुढं पुढं मजा यायला लागली, हेही कबूल करतो.

पंजाबचंच आणखी थोडं सांगतो. राजेश खन्नाला सगळी सिनेसृष्टी 'काका' म्हणायची. आमच्या सातारला वाटायचं, एवढा देखणा गडी, आणि याला तरुणपणीच काका का म्हणतात? तो अमृतसरचा. घरातलं लाडकं पोर म्हणून काका. आणि याच्या बरोबर उलट बघा. आपले काकासाहेब गाडगीळ १९५८ ते १९६२ पंजाबचे राज्यपाल होते. साठी ओलांडलेले, मोठे काँग्रेस नेते, आणि नावात काकासाहेब. चंदीगडमध्ये ते नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात नक्की काय आलं असेल, याचा विचार करून मी कित्येकदा एकटाच हसलो आहे. आपल्याकडे पांढऱ्या केसांना जो मान, तिकडे तो दुधाच्या दातांना.

१९९२ च्या सुमारास मी आसामात होतो, तेजपूरच्या बाजूला. असमियात आजोबांना 'कोका' म्हणतात. लिहिताना 'कका', पण उच्चार कोका. मोठ्या भावाला 'ककाइ', आणि आपल्या काकांसाठी त्यांचा शब्द 'खुडा', तो निराळाच. एका गावात आमचं वैद्यकीय शिबिर होतं. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आला आणि कोका आजारी आहे, चालता येत नाही, असं सांगायला लागला. आमचा तरुण डॉक्टर उत्तर प्रदेशचा. त्यानं वहीत 'चाचा' लिहिलं आणि म्हणाला, त्यांना इथंच घेऊन ये. त्याच्या डोळ्यांपुढे पस्तीस-चाळिशीचा माणूस असणार. मी त्याला थांबवलं. दुभाष्याकडून नीट विचारून घेतलं. आजोबा निघाले, चांगलेच थकलेले. मग स्ट्रेचर पाठवलं. डॉक्टरनं विचारलं, सर, तुम्हाला असमिया येते? मी म्हटलं, नाही, एकच शब्द येतो.

बंगालमध्ये काका जवळजवळ आपल्यासारखाच, पण फक्त धाकटा. वडिलांचा भाऊ. सुनील गंगोपाध्यायांच्या साहसकथांमधले 'काकाबाबू' तिथल्या मुलांना पाठ असतात. नेपाळीतही काका वडिलांचा धाकटा भाऊ. गोरखा पलटणींत त्यामुळे मला त्रास झाला नाही, आणि सांगण्यासारखंही काही घडलं नाही.

दक्षिणेत मात्र सगळाच नूर बदलतो. १९९७ साली मी निलगिरीत वेलिंग्टनला, स्टाफ कॉलेजमध्ये होतो. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. आमच्या मागच्या घरात एक तमिळ कुटुंब राहायचं. पहिल्याच दिवशी दुपारी त्या घरातल्या आजी गच्चीत आल्या आणि मोठ्यानं हाका मारायला लागल्या, "का, का, का, का." माझी मुलगी जेवता जेवता उठली, उष्ट्या हातानं दाराकडे पळाली, "काका आले, काका आले." माझा धाकटा भाऊ येणार होताच त्या महिन्यात. दारात कुणी नाही. गच्चीच्या कठड्यावर चार कावळे, आणि आजी त्यांना भात घालत होत्या.

तमिळमध्ये 'काक्का' म्हणजे कावळा. बोलीत 'क' जरा दाबून येतो, पण चार वर्षांच्या मुलीला आणि खरं सांगायचं तर मलाही, तो फरक काय कळणार. घरात शिजलेल्या अन्नाचा पहिला घास कावळ्याला, मग घरच्यांना, अशी तिकडच्या पुष्कळ घरांत रीत आहे. कावळ्याच्या रूपानं पूर्वज येतात ही समजूत. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी 'कनू' असतो. तेव्हा बायका हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे छोटे गोळे ठेवतात, कावळ्यांसाठी, आणि भावांचं भलं मागतात. भाऊबीज आणि काकबळी एकाच पानावर.

त्याच आजींच्या मुलाकडून मला आणखी एक कळलं. तमिळमध्ये एखादा साहेबाच्या मागे मागे करत असेल, तर तो 'कावळा पकडतोय' असं म्हणतात. 'काक्का पिडिक्किरदु'. म्हणजे हाजी हाजी. तिथले लोक त्याची फोड अशी सांगतात की मूळ शब्द 'काल्' आणि 'कै', पाय आणि हात. साहेबाचे हातपाय धरायचे, त्याचं घासून घासून काक्का झालं. फोड खरी असो नसो, स्टाफ कॉलेजमध्ये तो वाक्प्रचार ताबडतोब लोकप्रिय झाला. गरज होती.

तेलुगूतही 'काका पट्टडं' म्हणजे खुशामत. पण तेलंगणात वडीलधाऱ्याला प्रेमानं काकाही म्हणतात. जी. वेंकटस्वामी हे तिथले मोठे पुढारी 'काका' म्हणूनच ओळखले जात. आणि तेलुगूत 'काकी' म्हणजे कावळा. सिकंदराबादला आमच्याकडे पुतण्या राहायला आला होता. त्यानं अंगणातून सौ.ला हाक मारली, "काकीऽ". कामाला येणाऱ्या बाईंनी आधी झाडावर बघितलं.

मलबारच्या मुसलमान घरांत मात्र मोठ्या भावाला 'काक्का' म्हणतात, 'इक्का'ही म्हणतात. मामुट्टी या नटाला सगळं केरळ 'मम्मूक्का' म्हणतं, त्यातला शेवटचा 'क्का' हाच. आणि त्याच मल्याळममध्ये कावळाही काक्काच. भाऊ आणि कावळा एकाच घरात नांदतात, आणि कुणाचा गोंधळ होत नाही. घरातल्या माणसाचा होतच नाही. होतो तो दारातल्या माणसाचा.

हे असं का होतं, याचं शास्त्र मी थोडंफार वाचलं. रोमान याकोबसन नावाचे मोठे भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनी जगभरच्या भाषांत आईबापांसाठीचे शब्द इतके सारखे का, यावर एक निबंध लिहिला आहे. तान्ही मुलं एकच अक्षर पुन्हा पुन्हा काढतात. मामा, पापा, दादा, काका. मोठी माणसं समोर असतात, आणि त्या आवाजाला ज्याचं त्याला नातं चिकटवून टाकतात. म्हणून तर जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप. कावळ्याची गोष्ट निराळी. त्याचं नाव त्यानं स्वतःच ओरडून ठेवलेलं आहे, संस्कृतात 'काक' आणि तमिळमध्ये 'काक्का'. म्हणजे एक शब्द पाळण्यातून आला, एक झाडावरून आला, आणि दोघे एकमेकांसारखे दिसायला लागले. मला वाचून बरं वाटलं. शास्त्राप्रमाणे दोष कुणाचाच नव्हता. पण शास्त्र त्या तंबूच्या दारात उभं राहिलेलं नव्हतं.

१९९९ च्या सुरुवातीला माझं पठाणकोटला काम निघालं. तो लान्स नायक हवालदार होऊन आदल्या वर्षी निवृत्त झाला होता. गाव होशियारपूर जिल्ह्यातलं. न कळवता गेलो. अंगणात खाट टाकली, घरातून एक सोळा वर्षांचा उंच मुलगा बाहेर आला, ओठांवर मिसरूड. आतून आईचा आवाज आला, "ओए काके, साहब नूं चा फड़ा." अरे काका, साहेबांना चहा दे. तोच तो. अजून काकाच होता.

चहा घेताना मला राहवेना. बाई आल्या तेव्हा मी त्या तारेचा विषय काढला. हवालदार एकदम म्हणाला, "रहने दो साहब." त्या म्हणाल्या, तेव्हा यांना सुट्टी नव्हती ना. मग माझ्या लक्षात आलं. त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. सुट्ट्या बंद होत्या एवढंच सांगितलं होतं. साहेबाची चूक घरात कशाला सांगायची, असा त्याचा हिशोब. आणि बायकोनं बारा वर्षं त्याचा अर्थ असा लावला होता की पोर मरायला टेकलं होतं आणि याला नोकरी सोडवली नाही.

मी सगळं सांगितलं. टेलिफोन, किलो अल्फा, चाचा. त्या ऐकत राहिल्या. मग नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "मैं तां बारां साल एहनां नाल लड़दी रही, ते कसूर तुहाडा सी?" बारा वर्षं मी यांच्याशी भांडले, आणि चूक तुमची होती?

मी म्हटलं, हो.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हातातल्या परातीतलं पीठ बोटानं सारखं करत होत्या. मग विचारलं, "तुहाडे वल्ल काका किहनूं कहिंदे ने?" तुमच्याकडे काका कुणाला म्हणतात? मी म्हटलं, चाचा-ताया, दोघांनाही. वडिलांचा कुठलाही भाऊ. त्यांनी ओढणीचा पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. ते कशाचं होतं हे मी विचारलं नाही. निघताना त्यांनी गुळाची भेली बांधून दिली. माफ केलं असं तोंडानं म्हणाल्या नाहीत, आणि मीही तसं धरून चाललो नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझे काका गेले. दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर आम्ही बसलो होतो, पिंडाकडे बघत, कावळ्याची वाट पाहत. कावळा लवकर शिवेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. चुलतभाऊ एकेक सांगत होते, घराचं बघू, काकूला सांभाळू. मला वेलिंग्टनच्या त्या आजी आठवल्या, गच्चीतून का-का म्हणून हाका मारणाऱ्या. मी मनातल्या मनात तशीच हाक मारली. कुणाला मारली, काकांना की कावळ्याला, मला सांगता येणार नाही. त्या हाकेपुरते दोघं एकच होते.

२००५ मध्ये मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर काँगोला गेलो. गोमा शहर. न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी, २००२ च्या लाव्ह्याची काळी खडी अजून रस्त्यांत होती. पहिल्याच आठवड्यात आमचा स्थानिक दुभाषा मला म्हणाला, "काका." मी चमकलो. वाटलं, आमच्या एखाद्या मराठी जवानानं शिकवलं. पण नाही. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, विशेषतः मोठा भाऊ. आणि बहिणीला काय म्हणतात? दादा! माझ्या बरोबरच्या एका मराठी सुभेदारांना सगळी पलटण 'दादा' म्हणायची. दुभाष्यानं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्यांच्या मिशांकडे तो बराच वेळ बघत राहिला. काँगोची राजभाषा फ्रेंच, आणि फ्रेंचमध्ये लहान मुलं 'काका' कशाला म्हणतात ते मी इथं सांगत नाही. ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे त्यांनी ओळखावं. आमच्या तळावरची फ्रेंच बोलणारी नर्स मला कुणी काका म्हटलं की खोली सोडून जायची.

वहीत आता जागा उरलेली नाही. देहरादूनला आमच्या गल्लीतली मुलं मला अंकल म्हणतात. तो प्रश्नच मिटला.

२०१३ च्या पावसाळ्यात, तार बंद झाली त्याच महिन्यात, एका रात्री फोन आला. आवाज ओळखला. हवालदार. आता म्हातारा झालेला, कानानं कमी, त्यामुळे मोठ्यानं बोलणारा.

"साहब, घर में काका आया है."

मी उठून बसलो. दिवा लावला. सौ. विचारायला लागली, काय झालं. मी तिला हातानं थांब म्हटलं आणि फोनमध्ये विचारलं, "कौन सा काका?"

"काके का काका, साहब. आज सुबह."

मग त्यानं फोन कुणाच्या तरी तोंडाजवळ नेला. सात पौंडांचा होता, असं नंतर कळलं. आवाज मात्र चांगला खणखणीत होता.